ते तसंच अपेक्षित आहे

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मदत-विभागाकडून येणाऱ्या उत्तरांत एक वाक्य असं असतं, की ते वाचल्यावर पुढे बोलायला जागाच उरत नाही. ‘आपण कळवलेली बाब आम्ही तपासली. हे उत्पादनाचं अपेक्षित वर्तन आहे.’ आधी आभार असतात, शेवटी आपला दिवस चांगला जावो अशी सदिच्छा असते. मधल्या मधे हात झटकून झालेले असतात. तुमचं काम बिघडलं हे कोणी नाकारत नाही. ते बिघडावं अशीच आमची योजना होती, एवढंच कळवलेलं असतं.

‘आम्हाला वेळ नाही’ म्हणणाऱ्याशी वाद घालता येतो. ‘आम्हाला जमलं नाही’ म्हणणाऱ्याला तर माफही करता येतं. पण ‘हे असंच असायला हवं होतं’ म्हणणाऱ्यापुढे तुम्ही काय मांडणार? नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारा निदान अंगणाचं वाकडेपण तरी मान्य करतो. इथे वाकडेपणा नकाशातच होता असं ऐकवतात, आणि वर नकाशा आमच्याकडेच आहे, तुम्हाला दाखवता येणार नाही, हेही.

माझं काम मजकुरावर हात फिरवण्याचं. निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळ्या कीबोर्डांवर टाइप केलेला मराठी मजकूर माझ्याकडे येतो आणि मी तो एकसारखा करून पुढे देते. एका मोठ्या दस्तऐवजात ‘ॲडमिशन’ हा शब्द सगळीकडे काढून ‘प्रवेश’ करायचा होता. शोधा-आणि-बदला ही आज्ञा दिली, प्रोग्रामने काम पूर्ण झाल्याचं सांगितलं, आणि पुढच्याच पानावर ‘अॅडमिशन’ जसाच्या तसा उभा. पुन्हा शोधलं. ‘काहीही सापडलं नाही.’ शब्द डोळ्यांसमोर आहे आणि यंत्र म्हणतंय तो नाही. मग तोच शब्द उचलून शोधपट्टीत चिकटवला, तर लगेच सापडला. हाताने टाइप केला की गायब. दोन्ही शब्द शेजारी ठेवून पान मोठं करत गेले, तरी फरक दिसेना. शेवटी बॅकस्पेसने चोर पकडला. एका शब्दातलं पहिलं अक्षर एका दाबात अख्खं पुसलं गेलं. दुसऱ्यात आधी डोक्यावरचा चंद्र गेला आणि खाली नुसता ‘अ’ उरला.

म्हणजे दिसायला एकच असलेलं हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवलं जातं. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षराअक्षराला संकेतांक देणाऱ्या जागतिक प्रमाणात, ५.१ या आवृत्तीत, २००८ साली आलं. त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवत होते, आणि अनेक कीबोर्ड अजूनही तेच करतात. युनिकोडचं अधिकृत म्हणणं असं, की स्वतंत्र अक्षर वापरा, जोडलेलं वापरू नका. पण ही दोन रूपं एकच आहेत असं मात्र ते प्रमाण कुठे जाहीर करत नाही. त्यामुळे सरळ संकेतांक जुळवून पाहणाऱ्या कुठल्याही शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात.

हे सगळं मी सविस्तर लिहून, चित्रं जोडून कंपनीला कळवलं. उत्तर आलं: शोधयंत्रणा प्रमाणानुसार चालते, दोन भिन्न संकेतक्रम भिन्न मानणं हे अपेक्षित वर्तन आहे, हवं असल्यास सुधारणेची विनंती नोंदवावी.

गंमत अशी, की यातला शब्द न् शब्द बरोबर आहे. म्हणूनच तर तो जिव्हारी लागतो. खोटं सांगितलं असतं तर खोडून तरी काढता आलं असतं. मी विचारलं होतं, की पानावर दिसणारा शब्द तुमच्या शोधाला का सापडत नाही. त्यांनी सांगितलं, की आमचा कोड आम्ही लिहिला तसाच चालतो. तो तसा चालत नाही असं मी कुठे म्हटलं होतं? कोड लिहिल्याबरहुकूमच चालतो. चुकीचा लिहिलेलाही लिहिल्याबरहुकूमच चालतो.

या व्यवसायात वर्षानुवर्षं असलेल्या एका मित्रापुढे मी हे गाऱ्हाणं मांडलं. तो हसला आणि म्हणाला, ‘तू याला तांत्रिक प्रश्न समजतेस. हा हिशेबाचा प्रश्न आहे.’ मग त्याने जे सांगितलं ते त्या धंद्यातल्या कोणालाही नवीन नसेल. मला मात्र त्याने बराच उलगडा झाला. ग्राहकासाठी सॉफ्टवेअर बनवून देण्याच्या करारांत साधारणपणे दोष आणि बदल अशी दोन खाती असतात. दोष निघाला तर तो हमीच्या मुदतीत बनवणाऱ्याने पदरमोड करून दुरुस्त करायचा. बदल हवा असेल तर ग्राहकाने वेगळे पैसे मोजायचे. आता एखादी गोष्ट कुठल्या खात्यात टाकायची, यावर दोन्ही बाजूंची माणसं बैठकांमागून बैठका का घालवतात ते लक्षात येईल. त्या बैठकीत सत्यशोधन चालू नसतं. बिल कोणाच्या नावावर फाडायचं ते ठरत असतं.

तयार सॉफ्टवेअर विकणाऱ्यांकडे पैशांऐवजी आकडे असतात. किती बग, म्हणजे प्रोग्राममधले दोष, उघडे, किती दिवस उघडे, कोणत्या टीमच्या नावावर. तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करायचे दोन मार्ग असतात, बग दुरुस्त करणं किंवा तो बग नव्हताच असं ठरवणं. तक्त्यात दोन्ही सारखेच दिसतात, आणि दुसऱ्याला फारच कमी वेळ लागतो. बगझिला ही बगांची नोंद ठेवणारी जुनी, प्रसिद्ध प्रणाली. तिच्यात तिकीट बंद करण्याची कारणं ठरलेली आहेत: ‘अवैध’, ‘दुरुस्त करणार नाही’, ‘माझ्याकडे तर चालतं’. या तिसऱ्या कारणाला माझ्या मनात खास जागा आहे. रुग्णाने पोट दुखतं म्हणावं आणि डॉक्टरांनी स्वतःचं पोट दाबून पाहून ‘मला तर काही होत नाही’ म्हणावं, अशातली ही गत.

आणि हे सगळं कायद्याच्या चौकटीत बसतं. सॉफ्टवेअर बसवताना आपण न वाचता ‘मान्य’ म्हणतो त्या परवान्यात बहुतेक वेळा स्पष्ट लिहिलेलं असतं, की वस्तू जशी आहे तशी दिली आहे, ती अमुक कामाला उपयोगी पडेलच अशी हमी नाही. ज्या वस्तूने काय करायला हवं होतं हे कुठेच लिहिलेलं नाही, ती चुकली हे सिद्ध कसं करणार?

तरीही कंपन्यांची बाजू पूर्ण उडवून लावणं मला पटत नाही. काही दोष खरोखरच असे असतात, की ते काढायला गेलं तर घर कोसळतं. एक्सेलमध्ये पहिल्या दिवसापासून, म्हणजे १ जानेवारी १९०० पासून, मोजणी करत साठाव्या दिवशी गेलात तर तारीख दिसते २९ फेब्रुवारी १९००. असा दिवस कधी उगवलाच नाही. शंभराने भाग जाणारं वर्ष लीप असायचं तर त्याला चारशेनेही भाग जावा लागतो, आणि १९०० ला तो जात नाही. ही चूक मुळात एक्सेलचीसुद्धा नाही. त्याआधी लोटस १-२-३ हा प्रोग्राम बाजारात पक्का बसला होता, त्यात ती होती. लोटसच्या फायली आपल्याकडे बिनबोभाट उघडाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने चुकीसकट हिशेब उचलला. आज ती सुधारली तर जगभरच्या तक्त्यांमधली जवळजवळ प्रत्येक तारीख एका दिवसाने सरकेल.

पण मायक्रोसॉफ्टने या विषयावर जे टिपण प्रसिद्ध केलं आहे, त्याच्या मथळ्यातच म्हटलं आहे, की एक्सेल १९०० हे वर्ष चुकीने लीप धरतं. ‘चुकीने’ हे त्यांनी स्वतः लिहिलं आहे. मग चूक कुठून आली, सुधारली तर काय काय मोडेल, न सुधारल्याने कोणाला त्रास होईल, हे सगळं ओळीने सांगून शेवटी निर्णय दिला आहे, की राहू देतो. मला हे टिपण फार आवडतं. दुरुस्ती नाहीच मिळत, पण वाचणाऱ्याला वेड्यात काढलेलं नाही.

सॉफ्टवेअरचे भाग जुळवून तयार करणाऱ्या मेक या प्रोग्रामची कथाही याच जातीची. बेल लॅब्जमध्ये १९७६ साली स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो लिहिला आणि आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, नुसत्या मोकळ्या जागा चालणार नाहीत, असा नियम त्यात घुसला. तो गैरसोयीचा आहे हे त्यांच्या लगेच लक्षात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक प्रोग्राम वापरू लागले होते आणि त्यांची घडी मोडायला नको म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला. त्या डझनभरांच्या सोयीपायी पुढच्या प्रोग्रामरांच्या पिढ्याच्या पिढ्या न दिसणाऱ्या टॅबपायी डोकं धरून बसल्या. फेल्डमन यांनी ही हकिगत मोकळेपणाने सांगितली आहे. तो टॅब म्हणजे दूरदृष्टीची योजना होती, असा दावा काही त्यांनी केला नाही.

माझं भांडण या लोकांशी नाही. ‘दुरुस्त करणार नाही’ हे उत्तर मी पचवू शकते. ‘दुरुस्त करण्यासारखं काही नाहीच’ हे पचत नाही. पहिल्यात माझा अनुभव खरा मानलेला असतो. दुसऱ्यात मला माझ्याच डोळ्यांवर अविश्वास दाखवायला सांगितलेलं असतं.

१९९४ साली थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना असाच अनुभव आला. जोडमूळ संख्यांवर काम करताना त्यांच्या बेरजा जुळेनात. आपला प्रोग्राम, आपलं यंत्र, एकेक बाजूला काढत ते इंटेलच्या नव्या पेंटियम चिपपर्यंत पोचले. भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या कोष्टकातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ केलं, तर उत्तर १.३३३८२०४४ च्या जागी १.३३३७३९०६ येई. इंटेलला ही गोष्ट आधीच माहीत झाली होती. पण बाहेर बोभाटा झाल्यावर पहिली भूमिका अशी, की सामान्य वापरकर्त्याला ही चूक २७ हजार वर्षांत एकदा भेटेल. चिप बदलून हवी असेल तर तुमच्या कामाला खरंच तेवढ्या अचूकतेची गरज आहे हे आधी पटवून द्या. यंत्र भागाकार चुकवतंय आणि बरोबर भागाकाराची गरज ग्राहकाने सिद्ध करायची! डिसेंबरात इंटेलला माघार घ्यावी लागली, मागेल त्याला चिप बदलून द्यावी लागली आणि ४७.५ कोटी डॉलरचा फटका बसला. पुढे २०१० साली हातात विशिष्ट तऱ्हेने धरला की आयफोन ४ चा सिग्नल जातो अशी ओरड झाली, तेव्हा एका ग्राहकाला स्टीव्ह जॉब्स यांनी ईमेलवर कळवलं, की तसं धरू नका. नंतर फुकट कव्हरं वाटली गेली.

ही मोठी प्रकरणं गाजली म्हणून मिटली. पण जिथे आरडाओरडा होत नाही तिथे वापरणारेच हळूहळू वळण बदलतात, आणि आपण वळण बदललं हे विसरूनही जातात. याचं सगळ्यात विलक्षण उदाहरण जनुकांच्या नावांचं. सेप्टिन घराण्यातल्या एका जनुकाचं संक्षिप्त नाव होतं ‘सेप्ट२’. रोमन लिपीत ते एक्सेलच्या चौकटीत लिहिलं, की एक्सेल ती २ सप्टेंबर ही तारीख समजणार. ‘मार्च१’ नावाच्या जनुकाची १ मार्च होणार. आणि हे नुसतं वरवरचं दिसणं नव्हे. चौकट परत मजकुराच्या रूपात आणायला जा, जनुकाचं नाव येत नाही, ४२६१५ असा काहीतरी आकडा येतो. तो २ सप्टेंबर २०१६ चा दिवसक्रमांक. मूळ नाव कुठेच साठवलेलं नसतं. हजारो ओळींच्या यादीत असे दोनचार आकडे कोणाच्या नजरेला पडणार?

या घोटाळ्यावरचा शोधनिबंध २००४ सालीच प्रसिद्ध झाला होता. २०१६ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा एक्सेलमध्ये जनुकांच्या याद्या जोडलेल्या निबंधांपैकी सुमारे एक-पंचमांशांत हीच चूक सापडली. आणि एक्सेल तर आपल्या मते काम चोख करत होतं! तारखेसारखं दिसणाऱ्याची तारीख करणं ही त्याची सोयच. शेवटी मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० साली नावंच बदलली. सेप्ट१ चं सेप्टिन१ झालं, मार्च१ चं मार्चएफ१. पेशीतली गोष्ट कार्यालयीन तक्त्यापुढे नमली. हे आपोआप रूपांतर बंद करण्याची सोय एक्सेलमध्ये आली २०२३ मध्ये. नावं बदलून झाल्यावर.

जनुकांची नावं बदलता आली, निभावलं. ‘आमच्या यंत्रात दोष असूच शकत नाही’ या हट्टाची किंमत माणसांनी शरीरानेही मोजली आहे. थेराक-२५ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली, काही त्यात दगावले. टेक्ससमधल्या टायलर गावी पहिला अपघात झाल्यावर निर्मात्या कंपनीचे अभियंते येऊन तपासून गेले. चूक पुन्हा घडवता येईना, तेव्हा जास्त मात्रा जाणं अशक्य आहे असं सांगण्यात आलं. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि काही दिवसांतच दुसरा रुग्ण भाजला. अखेर कोडं सोडवलं ते तिथल्याच भौतिकतज्ज्ञाने आणि यंत्र चालवणाऱ्या बाईंनी. पडद्यावरची नोंद दुरुस्त करताना त्यांची बोटं भरभर चालत, आणि आठ सेकंदांच्या आत दुरुस्ती झाली की यंत्राला ती नीट कळतच नसे. तपासणाऱ्या अभियंत्यांची बोटं तेवढी सरावलेली नव्हती. ‘माझ्याकडे तर चालतं’ हे किती खरं असू शकतं आणि किती निरुपयोगी, ते यापेक्षा वेगळं दाखवायला नको.

ब्रिटनमधल्या पोस्टाची गोष्ट आता सर्वतोमुखी झाली आहे, तरी तिच्यातला एक भाग मला पुन्हा पुन्हा आठवतो. फुजित्सू कंपनीच्या होरायझन या प्रणालीवर छोट्या पोस्ट शाखांचे हिशेब चालत. हिशेबात तूट निघाली, की ती शाखा चालवणाऱ्याने खिशातून भरायची. मदतीसाठी फोन केला, की अनेकांना एकच उत्तर मिळे: असं दुसऱ्या कोणाचंच होत नाही. आपण एकटेच, असं त्या प्रत्येकाला वाटत राहिलं. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जण चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. त्याच काळात प्रणालीतल्या दोषांची नोंदवही फुजित्सूकडे होती, आणि तिचं नाव होतं ‘ज्ञात चुकांची नोंद’.

२०१५ मधली, स्कॉटलंडमधल्या डॅलमेलिंग्टन इथली एक नोंद पाहा. शाखेत ८ हजार पौंड आले. ते जमा करताना पडदा अडकल्यासारखा झाला म्हणून एंटर पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. प्रणालीने रक्कम चार वेळा जमा केली. हिशेबात ३२ हजार, पेटीत ८ हजार, तूट २४ हजारांची. अडकलेल्या पडद्यावर कोण एंटर दाबत नाही? पुढे चौकशीत दिसलं, की आधीच्या पाच वर्षांत इतरही अनेक शाखांत हेच घडलं होतं. २०१९ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनबद्दलची पोस्टाची भूमिका म्हणजे पृथ्वी सपाट आहे असं एकविसाव्या शतकात म्हणत राहणं आहे, असे शब्द वापरले. शाखा चालवणाऱ्यांना आधी झालेल्या शिक्षा रद्द करायला २०२४ साली संसदेला वेगळा कायदाच करावा लागला.

माझा न सापडणारा ‘अॅडमिशन’ आणि हे, यांची बरोबरी करण्याचा वेडेपणा मी करणार नाही. माझं गेलं ते थोडं काम, थोडी झोप. पण ‘असं दुसऱ्या कोणाचं होत नाही’ हे वाक्य मीही ऐकलं आहे, तुम्हीही ऐकलं असेल, आणि ते ऐकल्यावर फोन ठेवताना वाटणारी किंचित शरम ओळखीची आहे. आपल्यालाच वापरता येत नसेल बहुतेक, असं वाटणं. कंपनीला फुकटात मिळणारी सगळ्यात मोठी बचत ही शरमच असावी. तिच्यापायी किती तक्रारी नोंदवल्याच जात नाहीत.

अलीकडे तक्रार करताना ‘हा बग आहे का?’ असं मी विचारतच नाही. त्याचं उत्तर पाठ केलेलं असतं. त्याऐवजी विचारते, की हे बदललं तर तुमचं काय मोडेल. या प्रश्नाला मदत-विभागाकडे तयार उत्तर नसतं, त्यामुळे कधी कधी तो ज्याने कोड लिहिला त्याच्यापर्यंत सरकवला जातो. आणि कोड लिहिणारी माणसं, माझा अनुभव सांगते, फार सरळ असतात. मोडतोडीच्या गप्पा त्यांच्या आवडीच्या.

तळटिपा सांभाळणारं एका छोट्या कंपनीचं सॉफ्टवेअर मी वापरते. दोन प्रकरणं जोडली, की दुसऱ्या प्रकरणातल्या तळटिपांचे आकडे घसरतात. मी वरचा प्रश्न लिहून पाठवला. उत्तर थेट प्रोग्रामरकडून आलं, ना आभार ना सदिच्छा. ‘हो, हे चुकतं. आकडे फायलीत साठवायलाच नको होते, ते आम्ही सुरुवातीला साठवले. आता काढले तर जुन्या फायली उघडणार नाहीत. यंदा होणार नाही. तोवर प्रकरणं जोडण्याआधी आकडे बंद करा आणि जोडून झाल्यावर चालू करा.’

तळटिपा अजून घसरतात. वर्गणीची मुदत संपली तेव्हा मी ती भरली.